साखरतुला

हरिबा वस्ताद जाऊन सोळा दिवस झाले होते. त्यांची मुलगी विजयमाला शाळेत शिकवायला परत आली त्याच दिवशी हेडमास्तर दादासो मान्यांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि ड्रिलचा तास तिच्या गळ्यात घातला.

"नवा ड्रिलमास्तर मिळेपर्यंत, बाई," ते म्हणाले. "अवघड काही नाही. पोरं झाडाखाली बसवायची, पाढे म्हणून घ्यायचे. तुमच्या आबांचंही शेवटी शेवटी तसंच चाललं होतं की."

ते खरं होतं, म्हणूनच तिला लागलं.

हरिबांनी तरुणपणी साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची कुस्तीची मैदानं मारली होती. पुढे गुडघा गेला, कुस्ती सुटली आणि ते इस्लामपूरच्या बाजूच्या या गावात ड्रिलमास्तर म्हणून लागले. तालीम सुटली, पण खुराक सुटला नाही. सकाळी तांब्याभर म्हशीचं दूध, त्यावर तुपाची धार, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. अंगाला मेहनत उरली नव्हती आणि तोंडाची सवय मात्र तशीच राहिली. वीस-पंचवीस वर्षांत देह पिंपासारखा झाला, आणि गाव म्हणत राहिलं, वस्तादांची तब्येत काय झकास आहे. मग एके दिवशी पायाच्या अंगठ्याला साधा खडा लागला. जखम भरेना. मिरजेच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं आणि विचारलं, "पैलवान, कुस्ती कधी सोडली?"

"पन्नास साली."

"आणि खाणं?"

आबा हसले होते. "कुस्ती सोडली, डाक्टर. अन्नाशी कशाला वैर धरायचं?"

आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शहात्तर सालच्या दिवाळीनंतर आबाच गेले. भेटायला आलेल्यांपैकी एक जण ओसरीवर बसून म्हणाला होता, "साखरंच्या मुलखातला मानूस साखरंनंच गेला बगा." बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या, जणू त्यात काही मान होता. विजयमाला आत चहा करत होती. तिने तो सगळ्यांना बिनसाखरेचा दिला. कप निम्मेच परत आले.

तिचा नवरा पलटणीत होता, वर्षातून एकदा यायचा. घरात आता ती आणि आबांची पुस्तकाएवढी जाड वहाण, तीही एकाच पायाची. शाळेत जाणं त्या मानाने सोपं होतं.

शेवटच्या तासाला पाचवीचा वर्ग कडुनिंबाखाली रांगेत उभा राहिला. एकतीस पोरं. तिने मोजली तर तीसच भरली. एकतिसावं सरळ निंबाखालच्या लोखंडी खुर्चीकडे गेलं आणि खुर्चीशेजारी जमिनीवर नेहमीची जागा असल्यासारखं बसलं. खुर्ची हरिबांची. पायाला पट्टी बांधल्यावर ते तिच्यावर बसूनच तास घ्यायचे.

"सयाजी, रांगेत ये."

सयाजी उठला. उठताना त्याला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले. रांगेतून किडकिडीत गुंडा म्हणाला, "जॅक लावा रं कुनीतरी." रांग हसली. सयाजीही हसला. सगळ्यांच्या आधी आपणच हसून टाकायचं, ही त्याची जुनी सवय असावी. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून बाईंच्या हातात दिला.

'स. न. वि. वि. माझा नातू चि. सयाजी यास धाप लागते. तरी क्रुपा करून त्याचे ड्रिल माफ करावे. कळावे. भामाबाई.'

"रोज चिठ्ठी आणतोस?"

"म्हैन्याला एक. वस्ताद गुर्जींनी ठरवून दिल्यालं."

विजयमालाने कागद पिशवीत ठेवला. "आजच्या दिवस बस," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात प्रगतिपुस्तकं भरायची होती. त्यात गुणांच्या खाली एक रकाना असे: प्रकृती. शाळेत त्याचे दोनच शेरे चालत. अंगाने भरलेल्या पोराला 'उत्तम', किरकोळ पोराला 'बरी'. सयाजीच्या पुस्तकात पहिलीपासून उत्तम, उत्तम, उत्तम अशी ओळ लागली होती. दोन वर्षं त्या ओळीपुढे सही आबांची होती. विजयमालाने पेन उचललं आणि लिहिलं: 'वजन जास्त. रोज खेळ हवा.'

दुसऱ्या दिवशी दादासो ते पुस्तक हातात धरून वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"प्रकृती."

"अहो, दोन शेरे आहेत आपल्याकडं."

"तिसरा लागत होता."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. डॉक्टरांच्या दारात दीड वर्ष बसलेय."

दादासोंनी आवाज खाली आणला. "मानसिंगरावांचा मुलगा आहे तो. मानसिंगराव शाळा कमिटीवर आहेत, कारखान्यावर आहेत. त्यांच्या पोराला जाड म्हणायचं?"

"जाड मी म्हटलं नाही, सर. वर्गातली पोरं त्याला काय काय म्हणतात ते लिहिलं असतं तर रकाना पुरला नसता."

"तुमच्या आबांनी कधी असलं लिहिलं नाही."

"म्हणून तर मी लिहिलं."

दादासोंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "मग पालकाची सहीसुद्धा तुम्हीच जाऊन आणा," ते म्हणाले आणि निघून गेले.

मानसिंगरावांचं घर मळ्यात होतं. त्यांची आई भामाबाई ओसरीवर डिंकाचे लाडू वळत बसली होती. घरात शब्द तिचाच चाले. सयाजीची आई आतून डोकावली आणि सासू बाहेर आहे म्हटल्यावर पुन्हा आत गेली. भामाबाई साठीची, काटकुळी. लाडू वळताना हाताच्या शिरा सुतळीसारख्या वर येत होत्या.

"ये पोरी, बस. सुतक फिटलं?"

"फिटलं, काकी."

"लय मोटा मानूस गेला. माज्या सयाला लय जीव लावला व्हता वस्तादानं." तिने आत बघून चहाला सांगितलं. विजयमाला म्हणाली, साखर नको. भामाबाईचा लाडू हातातच राहिला. "का गं? बिनसाखरंचा च्या तुरुंगात देत्यात म्हनं."

"आमच्या घरात आता साखर आणत नाही."

"बरं. तुजं तू बग." लाडू परातीत गेला. "काय काम काडलंस?"

विजयमालाने प्रगतिपुस्तक उघडलं आणि शेरा वाचून दाखवला. आडपडदा ठेवला नाही, आवाजही चढवला नाही.

भामाबाईने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "जास्त? कुनापरीस जास्त?"

 उत्तरासाठी भामाबाई थांबली नाही.

"मी मानदेशातली. आमची मेंढरं व्हती. दुस्काळ पडला तवा आदी मेंढरं मेली, मंग मानसं. माजा पाठचा भाऊ धा वर्साचा व्हता. सयाजीच नाव त्येचं. बा आजारी, चुलता परमुलकात. म्या त्याला पाटीत घालून डोईवर मसनवटीत नेला. आर्धी वाट गेले नि पाटी उतरून बगितली. म्हनलं पोरगं वाटंत पडलं का काय. पाटीला वजनच लागंना." तिने परातीतल्या लाडवांवरून हात फिरवला. "तवा नवस बोलले. माज्या घरात पोर जल्मलं तर त्येला सयाजी म्हनीन. धाचं अकरावं लागलं की साखरंत तोलीन. चार मानसांत. हा नवस देवाचा न्हवं. माजा नि त्येचा हाय. सव्वीस जानेवारीला तुमच्या शाळंतच तागडी बांदायची. मानसिंगनं हेडमास्तरला सांगून ठेवलंय. साखर पोरास्नी वाटायची."

 चहा गार झाला. मग विजयमाला म्हणाली, "काकी, पण एवढं दूध, तूप, लाडू..."

"मंग? ड्रिल करतोय न्हवं रोज? पळतोय न्हवं मैदानात? म्हेनत करनाऱ्याला खुराक नगं व्हय? तुज्या बाचंच बोलनं हाय की. म्हेनत आदी, खुराक मागनं."

विजयमालाने भामाबाईकडे नीट बघितलं. भामाबाई खरंच तसं समजत होती.

"सही लागते इथं," ती हळूच म्हणाली.

"सई कसली? मला कुनी शाळंत घातलंय? आंगठा घे." भामाबाईने चुलीपाशी जाऊन तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि रकान्यात ठसा उठवला. तुपाने तो जरा पसरला.

परत येताना उसाच्या गाड्यांची रांग कारखान्याकडे चालली होती. विजयमाला कडेने चालत राहिली. पिशवीतल्या चिठ्ठीखाली भामाबाईचं नाव वळणदार अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रिलच्या आधी तिने सयाजीला वर्गात थांबवून घेतलं.

"कृपा हा शब्द तू निबंधात 'क्रुपा' लिहितोस," ती म्हणाली. "चिठ्ठीत पण."

सयाजीने मान खाली घातली. गळ्याशी घाम आला होता.

"आजीला सांगनार?"

"नाही. सांगायचं तेव्हा तू सांग."

"गुर्जींना ठावं व्हतं," तो म्हणाला. "पैल्याच दिशी. चिठ्ठी वाचली नि हसलं. म्हनलं, गड्या, अक्षर झकास हाय. मंग म्हनलं, बस माज्यापाशी. तुला बी पळता येत न्हाई, मला बी."

"आणि मग काय करायचात?"

"बसायचो. गुर्जी कुस्त्यांचं सांगायचं." तो जरा थांबला. "नि लाडू खायाचो."

बाहेर पोरं गलका करत होती. विजयमालाच्या हातात डस्टर होतं. "कुठले लाडू?"

"आजीनं दिल्यालं. चार द्यायची. मला दोन, त्येंना दोन. कवा कवा त्येस्नी तीन."

दीड वर्ष तिने घरात साखरेचा डबा ठेवला नव्हता. दीड वर्ष ज्वारीची भाकरी, कारल्याची भाजी, मोजून अर्धी वाटी भात. मिरजेला जाऊन ती डॉक्टरांशी भांडली होती, तुमच्या औषधातच खोट असेल, आमच्या घरात साखर नाही. आबा शेजारच्या बाकावर बसून ते ऐकत होते. 

"बाई," सयाजी म्हणाला, "गुर्जी माज्या लाडवांनी गेलं व्हय?"

तिला एक क्षण 'हो' म्हणावंसं वाटलं. ते कुणाला तरी म्हणायचं होतं. पण समोर होतं ते अकरा वर्षांचं पोर, आणि तेही त्याच खुर्चीच्या दिशेने निघालेलं.

"मागायचं कोण?" तिने विचारलं.

"त्येच. 'काढ रं' म्हनायचं."

"मग तू भरवले नाहीस. त्यांनी खाल्ले." तिने फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता. "चिठ्ठी आता चालणार नाही, सयाजी. उद्यापासून रांगेत."

"पोरं हसत्यात, बाई."

"हसणं बंद करणं माझं काम. पळणं तुझं."

त्या संध्याकाळी तिने लोखंडी खुर्ची निंबाखालून उचलून सामानाच्या खोलीत टाकली. ती उचलायला जड होती. शिपाई मदतीला आला, तिने नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाढे बंद झाले. तिने सयाजीला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं आणि नियम सांगितला: पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, ह्येच्या मागं पळायचं म्हंजी उसाच्या गाडीमागं सायकल," गुंडा म्हणाला.

"मग सायकल हळू चालवून दाखव. ते जास्त अवघड असतं. तुझा पाय टेकणार, बघ."

गुंडाचा पाय पहिल्याच दिवशी तीनदा टेकला. तीनदा सगळ्या रांगेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या वेळी रांगेने शिव्या सयाजीला दिल्या नाहीत, गुंडाला दिल्या. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली. सयाजीचा चेहरा बिटासारखा लाल झाला, पण तो बसला नाही. आठवड्याने एक फेरी झाली. नाताळच्या सुट्टीपर्यंत दोन. सावधान म्हटलं की डोळ्याची पापणीसुद्धा हलवायची नाही, विश्राम म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हेही तिने घोटून घेतलं. एकाने हलवला की सगळ्यांनी पुन्हा. पोरांना त्यात चेव आला. कोण जास्त वेळ दगड होतो यावर पैजा लागायला लागल्या.

सयाजीचं वजन उतरलं का, हे तिने बघितलं नाही. तिने एवढंच बघितलं की तो जमिनीवरून उठताना आधी दोन हात टेकायचा, मग एक टेकायला लागला. लाडू तो अजून आणायचा. पण धावून झाल्यावर ते चार लाडू फोडून एकतीस जणांत वाटले जात. प्रत्येकाच्या वाट्याला चिमटीभर भुगा यायचा. "म्हेनत आदी, खुराक मागनं," सयाजी वाटताना म्हणायचा, अगदी हरिबांच्या आवाजात. पहिल्यांदा तो आवाज ऐकून विजयमालाने पाठ फिरवली होती. मग सवय झाली.

जानेवारीत दादासोंनी कार्यक्रमपत्रिका ऑफिसातल्या सूचनाफलकावर लावली. झेंडावंदन, संचलन, साखरतुला, खाऊवाटप.

तास संपल्यावर सयाजी मागे रेंगाळला. "बाई, मला तागडीत बसायचं न्हाई."

"आजीला सांग."

"आजीला न्हाई सांगता येत. ती भावाचं सांगती." तो जमीन उकरत होता. "समदं गाव मोजंल. मंग कायम तेवढाच म्हनत्याल. ह्यो बावन किलोचा. ह्यो पंचावन किलोचा."

विजयमाला ऑफिसात गेली. "तागडी शाळेच्या मैदानात नको, सर."

"बाई, नवस आहे तो."

"नवसाला माझी ना नाही. पोर तोलायला आहे. आपण पहिलीपासून 'उत्तम' लिहिलं, आता मैदानात बोलावून टाळ्या वाजवणार. मग घरच्यांनी काय समजायचं?"

"खात्यापित्या घरचं पोर आहे. चार वर्षांमागं दुष्काळात याच शाळेत सुकडी वाटलीय मी. हाडकुळी पोरं बघवत नव्हती. आता एखादं भरलेलं दिसतंय तर तुम्हाला ते खुपतंय."

"मला तेही खुपत होतं. हेही खुपतंय."

दादासोंनी पत्रिकेवर टाचणी घट्ट दाबली. "तुमचे दिवस वाईट आहेत, म्हणून ऐकून घेतो. तुम्ही फक्त ड्रिल बघा, बाई. सावधान आणि विश्राम. एवढंच तुमचं काम."

"बरं," विजयमाला म्हणाली.

सव्वीस जानेवारीला सगळं गाव मैदानात आलं. बाजूला तीन वाशांचं तिकाटणं रोवून त्याला गुळाच्या अड्ड्यावरची मोठी तागडी टांगली होती. पारड्यांना झेंडूच्या माळा. एका पारड्याशेजारी पाच-पाच किलोच्या साखरेच्या पिशव्या रचलेल्या. भामाबाई खुर्ची नाकारून तिथेच जमिनीवर बसली होती, नवं लुगडं नेसून. मानसिंगराव पाहुण्यांच्या रांगेत होते.

झेंडा वर गेला. पाचवीने मैदानाला फेरी घातली. पुढे सयाजी, मागे तीस. कुणी कुणाला ओलांडलं नाही. पाहुण्यांसमोर रांग थांबली.

"सावधान!" विजयमाला म्हणाली. एकतीस टाचा जुळल्या.

दादासो ध्वनिक्षेपकाशी गेले. "आता साखरतुला. चिरंजीव सयाजी याने पुढे यावे."

सयाजी हलला नाही.

"सयाजी मानसिंगराव याने पुढे यावे."

रांगेत पापणी हलली नाही. गुंडाच्या नाकावर माशी बसली, ती चालत ओठापर्यंत आली, तरी गुंडा हलला नाही. दादासो ध्वनिक्षेपक झाकून बाजूला वळले. "बाई, विश्राम म्हणा."

विजयमाला समोर बघत होती. हे तिने आधीपासून ठरवलं होतं की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच माहीत होतं की तिच्याकडे दोन शब्द आहेत आणि त्यातला एक ती देणार नाही.

"बाई. विश्राम."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पुतळं झाली का रं पोरं?" थोडं हसू आलं आणि विरलं. मानसिंगराव खुर्चीतून पुढे वाकले. "सया, चल रं. आजी वाट बगती."

"बाईंनी विश्राम दिला न्हाई, दादा," सयाजी वडिलांना म्हणाला. मान ताठ, ओठ जेमतेम हलले.

मग भामाबाई उठली आणि मैदान ओलांडून रांगेपाशी आली.

"बाई," ती म्हणाली. आज पोरी म्हटलं नाही. "माजा नवस मोडतीस?"

"नवस नाही मोडत, काकी. पोराला तागडीत बसू देत नाही."

"तुला कुनी इचारलं?"

"कुणीच नाही. आबांनापण कुणी विचारलं नाही." विजयमालाचा आवाज वर गेला नाही, पण पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "गाव म्हणायचं, वस्तादांची तब्येत झकास आहे. झकास म्हणत म्हणत पाय कापला. शाळेनंही झकासच म्हटलं. त्यांच्याच हातानं शाळेनं याचंही उत्तम लिहिलं. आता या शाळेत ते कुणाला लिहायचं असेल तर मला आधी घालवून लिहावं लागेल."

"त्यो म्हेनत करतोय. म्हेनत करनाऱ्याला..."

"न्हवतो करत, आजी," सयाजी म्हणाला.

भामाबाई त्याच्याकडे वळली. तो अजून सावधानमध्येच होता. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"तुज्या नावानं चिठ्ठ्या मी लिवल्या. ड्रिल माफ करा म्हनून. दोन वर्सं नुसता बसायचो."

"आन खुराक?"

"खायाचो."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. भामाबाईने तिकडे नुसतं बघितलं, तसं मैदान गप्प झालं. तिने पुढे होऊन सयाजीच्या छातीवर पंजा ठेवला. छाती अजून धावल्यासारखी वरखाली होत होती.

"नि आता?"

"आता पळतो. दोन म्हैनं झालं. तीन फेऱ्या."

तिने पंजा काढून घेतला. मग वळली आणि तागडीकडे चालू लागली. मानसिंगराव उठले, "आई, काय करतीस?" तिने ऐकलं नाही. लुगड्याचा काठ आवरून ती माळा लावलेल्या पारड्यात मांडी घालून बसली.

"नवस बोलल्यालं तोंड माजं व्हतं," ती म्हणाली. "तोला मला."

तागडीवाल्याने मानसिंगरावांकडे बघितलं, मानसिंगरावांनी दादासोंकडे. शेवटी तागडीवाल्याने दुसऱ्या पारड्यात पिशव्या ठेवायला सुरुवात केली. सयाजीच्या अंदाजाने त्याने दहा पिशव्या काढून ठेवल्या होत्या. सातवी ठेवली तोच रोप उपटावं तशी भामाबाई वर उचलली गेली. आठवी त्याच्या हातातच राहिली. "आवं आजी, काय हाडं हायती का वारं?" तो म्हणाला. त्याने सातवीसुद्धा काढली. मग एक पिशवी फोडून ओंजळीने साखर काढत, घालत त्याने काटा जुळवला.

"एकतीस किलो," तो म्हणाला.

मैदानात कुणी टाळी वाजवली नाही. पाटीला वजनच लागंना, हे विजयमालाला आठवलं. घरातल्या सगळ्यांना भरवून ही बाई एवढीच उरली होती. तिच्या प्रकृतीचा रकाना कुणी कधी काढलाच नव्हता.

"बगताय काय?" भामाबाई पारड्यातून म्हणाली. "फिटला नवस." मग तिने विजयमालाकडे बोट केलं. "तुज्या हट्टापायी न्हाई बसले, ध्यानात ठेव. आजून मला पटल्यालं न्हाई."

"नाही पटलं तरी चालेल, काकी."

दादासो तिच्याजवळ आले. कपाळावर घाम होता. "उद्या कमिटी बसेल. लेखी खुलासा द्यावा लागेल, बाई. नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"देते खुलासा. ड्रिलचा तास झाल्यावर या म्हणावं."

ती रांगेकडे वळली. एकतीस पोरं तशीच ताठ उभी होती.  गुंडाच्या ओठावर माशी नव्हती, पण तो अजून श्वास धरून होता.

"धावत, पुढे चल!"

रांग सुटली. पुढे सयाजी, मागे सगळी. वळणावर त्याची चाल मंदावली, तशी तिसांची मंदावली. तागडीवाला आजीला उतरायला हात देत होता, पण भामाबाई उतरली नाही. पारड्याची साखळी धरून ती रांगेकडे बघत होती.

रांग तिच्यासमोरून गेली तेव्हा ती ओरडली, "सया, पाय उचल रं. म्हेनत दिसू दे."